अकरा दिवसांचे अध्यक्ष

आमच्या घरातल्या कपबशा कधी जागेवर राहिल्या नाहीत. फ्रीगंजमधल्या आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर बाबांची पिठाची गिरणी होती. उज्जैनमध्ये तिला कुणी गिरणी म्हणत नाही, चक्की म्हणतात. सकाळी आठला पट्टा चढला की वरच्या मजल्यावर फळीवरच्या कपबशा एकमेकींना धडका देत पुढे सरकू लागायच्या, आणि दुपारी चक्की थांबेपर्यंत फळीच्या कडेला पोचायच्या. आई त्यांना हाताच्या एका फटक्यात मागे ढकलायची आणि पानं घ्यायची. बाहेरून पाहुणे आले की त्यांना वाटायचं, भूकंप होतोय. आम्हाला चक्की थांबली की चुकल्यासारखं व्हायचं. माझी बारावीची सगळी पाठांतरं त्या आवाजात झाली, त्यामुळे आजही मी फोनवर ओरडूनच बोलते. समोरचा माणूस म्हणतो, मॅडम, हळू बोला, मी उज्जैनमध्येच आहे.

बाबा, म्हणजे मनोहर सबनीस, चक्कीत उभे असताना म्हातारे दिसत आणि अंघोळ करून आले की तरुण होत. पीठ त्यांच्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर, कानाच्या पाळीच्या आतल्या वळणातसुद्धा असे. आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले, फौजेची हजेरी लिहीत, म्हणून आडनाव सबनीस. पुढे हजेरी लिहायला फौजच उरली नाही. आजोबांनी कचेरीत कारकुनी केली आणि बाबांनी कुणाचीही नोकरी करायची नाही असं ठरवून चक्की टाकली. आई साताऱ्याची. ती सांगायची, "लग्न झाल्यावर सहा महिने मला ह्यांचं मराठी कळलं नाही. मी हो हो म्हणत गेले. काय काय कबूल करून बसले देव जाणे." बाबांचं मराठी खास उज्जैनचं होतं. ते 'येतोय' म्हणत नसत, 'येऊन राहिलो' म्हणत. त्यांना काळजी नव्हती, फिकर होती. गव्हाला गहू म्हणत, पण तो दळला की त्याचा आटा होई. शरबती गव्हाचे चार दाणे तळहातावर घेऊन ते नुसत्या वासावरून सांगत, हा पाण्याचा की कोरडवाहू. तेवढ्या एका विषयात त्यांच्याशी वाद घालायची गावात कुणाची टाप नव्हती. बाकीच्या सगळ्या विषयांत कुणीही घालू शके.

आमच्या गावात मराठी माणसांचं एक मंडळ होतं. त्याला एक सभागृह, एक वाचनालय, एक तबला आणि चार गट होते. पण खरे गट दोनच. एक जुन्या घराण्यांचा, ज्यांच्या पूर्वजांनी तलवारी गाजवल्या होत्या आणि ज्यांचे वंशज आता विमा विकत. दुसरा नोकरीवाल्यांचा, म्हणजे बँकेत, रेल्वेत, शिक्षणखात्यात बदली होऊन महाराष्ट्रातून आलेले आणि इथेच राहिलेले. पहिल्यांकडे रक्त शुद्ध होतं, दुसऱ्यांकडे भाषा. दोन्ही गट एकमेकांना मनातून हलके समजत आणि वर्षभरात तीनदा एकत्र येत: गणपतीत, कोजागिरीला आणि कुणाला तरी वाळीत टाकायचं असेल तेव्हा. अध्यक्ष होते नानासाहेब पोतनीस. ते कायमच अध्यक्ष होते. त्यांच्याविरुद्ध कुणी उभं राहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. दर गणपतीत ते एकच भाषण करत, आणि त्यात "आज आपण एका वळणावर उभे आहोत" हे वाक्य आलं की माझी मैत्रीण आणि मी एकमेकींना चिमटा काढत असू. इतकी वर्षं एकाच वळणावर उभं राहिलेलं मंडळ मी दुसरं पाहिलं नाही. सचिव दामलेकाका, बँकेतून निवृत्त झालेले. मोत्यासारखं अक्षर, इस्त्रीचा सदरा आणि बोलणं इतकं मऊ, की ते रागावले होते हे घरी गेल्यावर कळायचं.

बाबा दोन्ही गटांत बसत नसत. रक्ताने ते जुन्यांत होते, पण चक्की चालवणारा माणूस जुन्यांना कसा चालावा? आणि भाषेमुळे नोकरीवाल्यांनी त्यांना केव्हाच बाद केलं होतं. तरी दर गणपतीत महाप्रसादाच्या पुऱ्यांची कणीक आमच्या चक्कीतून जायची. बाबा त्यासाठी वेगळा गहू आणत, चक्कीचे दगड झाडूनपुसून घेत आणि पहिलं पीठ स्वतः चाळून बघत. एका वर्षी गणपतीनंतर मंडळाचा छापील अहवाल आला. बाबा संध्याकाळी अंघोळ करून, पोह्यांवर मूठभर सेव टाकून तो वाचायला बसले. शेवटच्या पानावर आभार होते. हारवाले, मांडववाले, भटजी, सगळ्यांची पूर्ण नावं. आणि मग एक ओळ: 'कणकेबद्दल श्री. चक्कीवाले यांचे आभार.'

"चक्कीवाले कोण?" आईने विचारलं.

"मीच," बाबा म्हणाले.

"नाव माहीत नाही का त्यांना तुमचं?"

बाबांनी अहवालाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "पोतनीस माझ्या बापाच्या मांडीवर खेळून राहिला होता. नाव माहीत आहे." पोहे तसेच ठेवून ते उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "मी उभा राहतो."

"उभेच तर आहात," आई म्हणाली.

"इलेक्शनला. अध्यक्षाच्या."

आई हसली नाही. मी हसले. खोटं कशाला सांगू? मला ते चित्र डोळ्यांसमोर आलं: पापण्यांवर पीठ असलेले बाबा, नानासाहेबांच्या त्या नक्षीच्या खुर्चीत. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि मंडळाच्या मराठी परीक्षेत पहिली आले होते. बक्षीस म्हणून दामलेकाकांच्या हस्ते एक जाडजूड शब्दकोश मिळाला होता. तो मी उशाशी घेऊन झोपायची. आपण ह्या घरात चुकून जन्मलो, आपली खरी जागा दामलेकाकांच्या दिवाणखान्यात आहे, अशी माझी त्या काळात खात्री होती. आज मी निवृत्त शिक्षिका आहे, अशा मुली पाच मिनिटांत ओळखते आणि त्यांना मागच्या बाकावर बसवायचं, असं धोरण मी चाकरीभर पाळलं.

बाबांचा प्रचार मीच सुरू केला, कारण त्यांनी भाषण लिहून मागितलं. मी अलंकारिक, तत्सम शब्दांनी ठासून भरलेलं असं काही लिहून दिलं, की ते दोन ओळी वाचून म्हणाले, "बाई गं, हे काय संस्कृत आहे?" मग त्यांनी ते खिशात ठेवून दिलं आणि पहिल्याच बैठकीत, बँकवाल्यांच्या वसाहतीत, मनाचं बोलले. वीस-पंचवीस माणसं होती, चहा झाला होता, सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी हात जोडून बाबा म्हणाले, "तुम्ही मला निवडून द्या. मी मंडळाची फिकर करीन. मी पूर्ण चेष्टा करीन!"

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत चेष्टा म्हणजे काय, ते सांगायला नको. मग कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले, "ती आधीच पुष्कळ झालेली आहे. तुम्ही आणखी काय करणार?" लोक इतके हसले की चहावाल्या बाईसुद्धा बघायला आल्या. बाबाही हसले. का हसतायत ते त्यांना घरी येताना मी स्कूटरवर सांगितलं. मग मात्र त्यांनी मला कामाला लावलं. रोज चक्की बंद झाली की ते समोर बसत आणि मी त्यांना मराठी शिकवत असे. 'करून राहिलो' नाही, 'करतोय'. 'आटा' नाही, 'पीठ'. ते कान धरून उभं राहिल्यासारखे ऐकत. मी त्यांना पुन्हापुन्हा म्हणायला लावी आणि चुकलं की उसासा टाकी. तो उसासा मला आता ऐकू येतो आणि अंगावर काटा येतो. स्वतःच्या बापाला शुद्धलेखन घालण्यात इतकं सुख असतं हे कुणी सांगून खरं वाटणार नाही.

घरोघरी जाणं झालं. रामघाटावर मंडळाचे सभासद असलेले एक गुरुजी होते, त्यांच्याकडे आम्ही गेलो. ते एका यजमानाचं पिंडदान उरकत होते. मंत्र म्हणता म्हणता त्यांनी डोळ्यांनीच आम्हाला बसायला सांगितलं. काम झाल्यावर बाबांनी विषय काढला. गुरुजींनी बाबांच्या डोक्यावर हात ठेवला. "आशीर्वाद आहे." बाबा म्हणाले, "आशीर्वाद तर आहेच, मत?" गुरुजींनी पुन्हा हात ठेवला. "पूर्ण आशीर्वाद आहे." आम्ही पायऱ्या चढून वर येत होतो तेव्हा समोरून नानासाहेब उतरत होते. थोड्या वेळाने वळून पाहिलं तर गुरुजींचा हात त्यांच्याही डोक्यावर होता.

पण बाबांचा खरा प्रचार चक्कीतच झाला, आणि तो मी शिकवलेल्या मराठीत झाला नाही. गव्हाचा डबा लावला की बायकांना अर्धा तास थांबावं लागे. त्या कुठे जाणार? बाबा चक्कीच्या आवाजावर आवाज काढून ओरडत, "वहिनी, वाचनालय कधी उघडतं?" आणि वहिनी ओरडत, "संध्याकाळी सात ते आठ!" "सात ते आठ तुम्ही काय करून राहता?" "पोळ्या!" "मग पुस्तक कधी वाचणार?" इथे हशा व्हायचा. मंडळाच्या वाचनालयात कपाटंच्या कपाटं पुस्तकं होती आणि ज्या वेळी गावातली एकही बाई घराबाहेर पडू शकत नाही नेमक्या त्या वेळी ते उघडत असे. ही गोष्ट इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आली नव्हती, किंवा आली असेल तर ती सोयीची वाटली असेल. बाबांनी जाहीर केलं की आपण निवडून आलो तर वाचनालय दुपारी दोन ते पाच उघडं राहील. आणि दुसरं सांगितलं: "तुमचं मत तुम्हीच टाका. घरच्यांकडे देऊ नका." नियमात कुटुंबामागे दोन मतं होती, नवरा आणि बायको. पण वहिवाट अशी, की नवरे दोन्ही चिठ्ठ्या स्वतःच टाकत, गॅसचं सिलिंडर आणावं तसं. बाबांच्या ह्या घोषणा चक्कीमुळे ओरडूनच होत, त्यामुळे अर्ध्या फ्रीगंजला ऐकू जात. समोरचा पानवाला मराठी नव्हता, त्यालाही वाचनालयाची वेळ पाठ झाली होती. तो बाबांना म्हणायचा, "भिया, जीत गए तो एक किताब अपन को भी दिलवा देना."

मतदानाच्या दिवशी बायका आल्या. एकट्या, दोघी-तिघी मिळून, काही कुंकू ठसठशीत लावून, काही हाताला कणीक तशीच असलेल्या. नवरे दारात उभे राहून घड्याळं बघत होते. आई गर्भरेशमी साडी नेसली होती. साताऱ्याच्या माहेरातली ती साडी तिने माझ्या लग्नातसुद्धा नंतर नेसली नाही. चिठ्ठ्या मोजायला दुपार झाली. बाबा सतरा मतांनी निवडून आले. मिरवणूक वगैरे काही नाही. चक्कीपाशी बाबांनी जिलेबी वाटली, पानवाल्याने फटाक्यांची एक माळ लावली आणि ती अर्धीच वाजली. मी बाबांना नमस्कार केला. ते म्हणाले, "तुझ्यामुळे झालं." ते खरं नव्हतं. पण मी ते ठेवून घेतलं.

अध्यक्ष झाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी वाचनालयाची किल्ली मागवून घेतली आणि दुपारी चक्की बंद करून स्वतः तिथे जाऊन बसू लागले. आठ-दहा बायका यायच्या. बाबांना पुस्तकांतलं काही कळत नसे, ते नावं वहीत उतरवून घेत आणि विचारत, "जाड पाहिजे की पातळ?" हे दहा दिवस चाललं. अकराव्या दिवशी, रविवारी सकाळी, नव्या कार्यकारिणीची पहिली बैठक होती. कार्यकारिणीत बाबांच्या बाजूने एकट्या इंदूताई रानडे होत्या, मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या. बाकी सगळे जुनेच. वाचनालयाचा ठराव मी मराठीत लिहून दिला होता आणि वाचताना अडखळले तर सांगायला म्हणून बाबा मला बरोबर घेऊन गेले. मी भिंतीपाशी बाकावर बसले.

ठरावापर्यंत गोष्ट पोचलीच नाही. माजी अध्यक्ष म्हणून मुद्दाम बोलावलेले नानासाहेब उभे राहिले आणि म्हणाले, ही निवडणूकच अवैध आहे. सभासद-पुस्तकात नावं पुरुषांची आहेत. बायकांनी घरच्यांना न विचारता परस्पर मतं टाकली. आम्ही वर तक्रार करणार, मंडळाला टाळं लागलं तरी चालेल. इंदूताई ताडकन उठल्या. "नियम वाचा! पती आणि पत्नी असं लिहिलंय!" मग एकदम सगळे बोलू लागले. टाळं हा शब्द बाबांना लागला. ते चक्कीवाले होते, भांडणाने दार बंद होतं म्हणजे काय हे त्यांना कळत होतं. ते खुर्चीतून उठले, दोन्ही हात जोडले.

"झगडा कशाला? आपण घरचे लोक. मी राजीनाम्याला तयार आहे. आत्ता, इथंच."

आमच्याकडे, मध्यप्रदेशात, दोन पक्षांनी कोर्टाबाहेर भांडण मिटवलं की त्या कागदाला राजीनामा म्हणतात. दोघे राजी, म्हणून राजीनामा. शेताच्या बांधाचं भांडण असो की सायकलच्या धडकेचं, लोक म्हणतात, 'राजीनामा हो गया', आणि एकत्र चहा पितात. बाबांना तेच म्हणायचं होतं.

दामलेकाकांनी पेनाचं टोपण काढलं. "अध्यक्षमहोदय राजीनामा देतात?"

"हो ना. देतो. लिहा तुम्ही, मी सही करतो."

दामलेकाकांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं आणि वही पुढे केली. बाबांनी बोट ठेवून मोठ्याने वाचलं: "मंडळाच्या हितासाठी मी स्वखुशीने राजीनामा देत आहे." त्यांना ते वाक्य आवडलं. "वा!" म्हणाले. आणि सही केली. मग वही नानासाहेबांकडे सरकवून म्हणाले, "आता तुम्ही करा."

नानासाहेबांनी सही केली नाही. ते म्हणाले, "राजीनामा स्वीकारावा असं मी सुचवतो." कुणीतरी अनुमोदन दिलं. टाळ्या वाजल्या. बाबांनीही दोन टाळ्या वाजवल्या. मग दामलेकाका अत्यंत मऊपणे म्हणाले, "खुर्ची सोडावी लागेल, सबनीस."

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. "अहो, मी समझौता म्हणून राहिलो!"

इंदूताई ओरडल्या, "त्यांना तडजोड म्हणायचं होतं! तुम्हा सगळ्यांना कळतंय!"

"आम्हाला काय कळतं हा प्रश्न नाही," दामलेकाका म्हणाले. "ही मराठी संस्था आहे. कामकाज मराठीत चालतं. मराठीत ह्या शब्दाचा अर्थ काय, एवढंच बघायचं. आणि मी सांगितलं तर पक्षपात होईल." त्यांनी मान वळवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आपल्या परीक्षेत पहिली आलेली मुलगी इथे आहे. शिवाय ती अध्यक्षांचीच कन्या. तिच्यावर कुणाला शंका नसावी. सांग बाळ, राजीनामा म्हणजे काय?"

त्या क्षणी मला काय वाटलं, ते मी आयुष्यात कुणालाच खरं सांगितलं नाही, म्हणून इथे सांगते. मला भीती वाटली नाही. पेचही पडला नाही. मला आनंद झाला. भर सभेत मला प्रश्न विचारला होता आणि उत्तर मला येत होतं. मी उभी राहिले, हात मागे बांधले आणि कोशात होतं तसंच्या तसं म्हटलं, "राजीनामा म्हणजे पदत्याग. अधिकारपद स्वेच्छेने सोडल्याबद्दल दिलेले पत्र."

"शाब्बास," दामलेकाका म्हणाले.

मग मी बाबांकडे पाहिलं. ते रागावलेले नव्हते. वर्गात आपलं गणित चुकलंय हे फळ्याकडे बघून कळावं तसा त्यांचा चेहरा होता. त्यांनी खिशातून वाचनालयाची किल्ली काढून टेबलावर ठेवली, सगळ्यांना नमस्कार केला आणि मला म्हणाले, "चल."

घरी आल्यावर त्यांनीच आईला सगळं सांगितलं, माझ्या वाट्याचंसुद्धा, अगदी सहज, वरणात मीठ कमी आहे म्हणावं तसं. वर म्हणाले, "पोरीनं अर्थ बरोबर सांगितला. चूक माझी. शब्द वापरायच्या आधी विचारायला पाहिजे होतं." आईने हातातली पळी खाली ठेवली. माझ्याकडे वळून म्हणाली, "त्यांनी तुला शब्दाचा अर्थ विचारला नव्हता गं. तू कोणाची, ते विचारलं होतं." आणि मग तिने आम्हा दोघांना वाढलं, आणि स्वतः जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी दामलेकाकांकडे गेले. त्यांचा तो दिवाणखाना, ज्यात माझी खरी जागा होती. काकूंनी साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवली. मी शब्द जुळवून आले होते. म्हटलं, काका, काल माझं उत्तर अपुरं होतं. शब्दाचा अर्थ गावावर अवलंबून असतो. इथे राजीनामा म्हणजे समझौता असाच अर्थ आहे, आणि बाबा इथले आहेत. तुम्हाला कदाचित माहीत नसेल.

ते हसले. छान, वडीलधारं हसले. "माहीत नसायला काय झालं? तीस वर्षं झाली मला उज्जैनमध्ये. माझ्या भाडेकरूबरोबर मी स्वतः राजीनामा केलाय, कोर्टाच्या आवारात. नानासाहेबांनी तर चार केलेत. खा, खिचडी निवते आहे."

"मग मला का विचारलंत?"

"आमच्यापैकी कुणी सांगितलं असतं तर आयुष्यभर बोल लागला असता, बाळ. तू सांगितल्यावर प्रश्नच मिटला." मग आपुलकीने पुढे झुकून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. पुस्तकं त्या बायकांना दुपारची कशाला हवीत? आणि तुझ्या बाबांनाही सुटल्यासारखंच वाटत असेल. त्यांचं काम ते नव्हे. तुझं आहे. पुढच्या वर्षी गणपतीत सूत्रसंचालन तू कर."

मी खिचडी टाकून उठले असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी ती संपवली. ताटलीत टाकू नये असं वळण होतं. पण सूत्रसंचालन मी केलं नाही. त्या वर्षी नाही आणि नंतर कधीच नाही.

नानासाहेब पुन्हा अध्यक्ष झाले आणि आपल्या वळणावर जाऊन उभे राहिले. वाचनालय पुन्हा सात ते आठ. इंदूताईंनी तक्रार केली, तिचं उत्तर आलंच नाही. चक्कीतल्या बायका मात्र आठवडाभर गप्प होत्या. मग त्यांतल्या एकीने गव्हाच्या डब्यातून स्वतःच्या घरातल्या दोन कादंबऱ्या आणल्या आणि काट्याशेजारी ठेवल्या. दुसरीने त्यातली एक नेली आणि आपली एक ठेवली. बाबांनी एक फळी ठोकून दिली. पुस्तकांवर पीठ बसायचं, बायका ते फुंकून घरी न्यायच्या. ती फळी चक्की बंद होईपर्यंत होती. त्या जागेवर आता मोबाइलचं दुकान आहे आणि बाहेर महाकालच्या भाविकांच्या ई-रिक्षा लागतात. मंडळाच्या सभागृहाला वातानुकूलन आलंय. त्यांचा व्हॉट्सॅप गट आहे. मलाही त्यात घातलंय. तिथे लोक एकमेकांच्या वेलांट्या सुधारतात.

दामलेकाकांनी मला जे सांगितलं ते मी बाबांना कधीच सांगितलं नाही. त्यांची समजूत अखेरपर्यंत अशीच होती, की लोकांचा खरंच गैरसमज झाला, आपलं मराठी कच्चं होतं, म्हणून सगळं बिघडलं. ही समजूत मी मोडू दिली नाही. ती त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, हे ठरवायचं मी अजून टाळतेय. त्यांनी मराठी वर्तमानपत्र लावलं, ते एक दिवस उशिराने यायचं. रोज दुपारी पेन्सिल घेऊन ते बसत, अडलेल्या शब्दाखाली रेघ मारत आणि मला विचारत. मी नोकरीला लागले, लग्न होऊन गावातच नानाखेड्याला राहायला गेले, तरी येऊन-जाऊन असे. मी त्यांना प्रत्येक शब्दाचे दोन्ही अर्थ सांगायची, तिकडचा आणि इकडचा. उसासा टाकायची नाही.

चक्की विकली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, ते अंथरुणाला खिळलेले होते तेव्हाची गोष्ट. चष्मा नाकावर घसरलेला, पेपर छातीवर. कुठल्याशा क्रिकेट सामन्याची बातमी होती. त्यांनी बोट ठेवलं.

"इथं लिहिलंय, कप्तानानं शिकस्त केली. हा जिंकला का हरला?"

"मराठीत शिकस्त म्हणजे जिवापाड प्रयत्न, बाबा. होतं नव्हतं ते सगळं पणाला लावून केलेला."

"आणि इकडे शिकस्त म्हणजे हार."

"हो."

त्यांनी रेघ मारली नाही. पेन्सिल पेपरवर ठेवली आणि म्हणाले, "मग मी दोन्ही केली."